साखर विभागात नवीन आहात? गाडीपासून सिरपच्या टाकीपर्यंत

बिस्किटं, शीतपेयं, जॅम, आइस्क्रीम, खोकल्याचं औषध… कारखाना कुठलाही असो, नव्या शिकाऊ मुलामुलींना पहिल्या काही आठवड्यांत बहुधा साखरेच्या बाजूलाच टाकतात. साखरच तर आहे, काय बिघडणार, असा त्यामागचा हिशोब असतो. बिघडतं बरंच काही. फक्त ते लगेच दिसत नाही. तीन दिवसांनी टाकीला आंबूस वास येतो, महिन्याभराने बाजारातून बाटलीतल्या गाळाची तक्रार येते, आणि शोध घेत मागे गेलं की सगळे साखरेच्या डंपिंगपाशी, म्हणजे पोती ओततात तिथे, येऊन थांबतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. साखर दोनच अवस्थांमध्ये नीट वागते: एक तर पूर्ण कोरडी, नाहीतर ६५ ब्रिक्सच्या (शंभर किलोत ६५ किलो साखर) आसपासचा घट्ट पाक. या दोन्हींच्या मधलं जे काही ओलसर, चिकट, पातळ गोड असतं, त्यातच गाठी होतात, यीस्ट वाढतं, मुंग्या लागतात. तुमचं निम्मं काम म्हणजे साखर त्या मधल्या अवस्थेत कमीत कमी वेळ ठेवणं. कोरड्या साखरेचा म्हणून एक वेगळा आणि मोठा धोका आहे, धुळीचा. तो पुढे येईलच.

१. गाडी गेटवर आली

आधी कागद, मग ताडपत्री, मग साखर. हा क्रम मोडू नका.

कागदावर साखर कारखान्याचं नाव, हंगाम, लॉट आणि ग्रेड बघा. आपल्याकडे ग्रेड एस-३०, एम-३०, एल-३०, एस-३१ अशा लिहितात. अक्षर दाण्याचा आकार सांगतं: एल मोठा, एम मध्यम, एस बारीक. आकडा रंगाचा, ३१ ही ३० पेक्षा पांढरी. ऑर्डर एस-३० ची असेल आणि गाडीत एम-३० असेल, तर ‘साखर ती साखर’ म्हणून उतरवून घेऊ नका. सिरप करणाऱ्याला फरक पडत नाही, पण बिस्किटाच्या वर भुरभुरायला किंवा ड्राय मिक्समध्ये घालायला घेतली असेल तर दाण्याचा आकार बदलला की सगळं गणित बदलतं.

तपासणी दाखल्यावर इकुम्सा हा आकडा असतो, म्हणजे रंगाचं माप. जितका कमी तितकी साखर पांढरी. रिफाइंड साखर ४५ च्या आत असते. साध्या साखरेचा आकडा त्याहून बराच वर असतो, आणि भारतातली बहुतेक साखर अशीच, गंधकाच्या धुराने रस स्वच्छ करून केलेली असते. त्यामुळे तिच्यात सल्फर डायऑक्साइडचा अंश राहतो. चहात तो कळणार नाही, पण रंगहीन पेयात किंवा नाजूक फ्लेवरमध्ये कळू शकतो, आणि काही लोकांना सल्फाइटचा त्रासही होतो. म्हणून दाखल्यावरचा सल्फर डायऑक्साइडचा आकडा वाचायचाच, नुसता फायलीला लावायचा नाही.

ताडपत्री काढल्यावर वरच्या थरापेक्षा कडेची आणि तळाची पोती बघा. पावसाळ्यात पाणी कडेने उतरतं आणि फळीवर साचतं. पोत्यावर हात फिरवला की सुकलेला ओल्याचा डाग कडक लागतो. अशी पोती बाजूला काढून त्यांची संख्या चलनावरच लिहा. ड्रायव्हरच्या सहीशिवाय तुमच्या नोंदीला नंतर काही किंमत नसते.

गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये, अजून एक बघा. मधलं एखादं पोतं उघडून थर्मामीटर खोल खुपसा. साखर ४० अंशांच्या वर असेल तर ती कारखान्यातून पुरती थंड न होता भरली गेली आहे. अशा पोत्यात आतली गरम साखर ओलावा बाहेरच्या थंड थराकडे ढकलते आणि आठवड्याभरात पोत्याचा दगड होतो. बाहेरून पाण्याचा थेंब लागलेला नसतो, म्हणून गोदामवाल्याला उगाच बोल बसतो.

उतरवताना लोखंडी आकडा (हूक) वापरू द्यायचा नाही. जुन्या सवयीने हमाल पोत्यात आकडा अडकवून ओढतात. बारदान फाटतं, आतली पिशवी फाटते, आणि तंतू थेट साखरेत जातात. माथाडी टोळीच्या मुकादमाशी हे गाडी लागायच्या आधी बोलून घ्या. गाडी अर्धी उतरल्यावर बोललात तर भांडण होतं.

नमुना घ्या. पन्नास ग्रॅम साखर तेवढ्याच कोमट पाण्यात विरघळवा, वास घ्या, पांढऱ्या कागदासमोर धरा, मग पांढऱ्या फिल्टर पेपरमधून गाळा. पेपरवर काळे ठिपके किती, तंतू किती, हे डोळ्यांना दिसतं. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो, हा पेपर दहा मिनिटांत बोलतो. तो सुकवून तारीख आणि लॉट टाकून ठेवा. पुढच्या गाडीला तुलनेला लागतो.

२. गोदाम

याला फार विद्या लागत नाही, शिस्त लागते. पोती पॅलेटवर, भिंतीपासून माणूस आडवा जाईल एवढं अंतर सोडून. थप्पी फार उंच नको, खालच्या पोत्यातली साखर दाबाने घट्ट होते. पहिलं आलेलं पहिलं वापरायचं. जुनी साखर पडून राहिली की हळूहळू पिवळसर होते, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वापरात येणाऱ्या गेल्या हंगामाच्या साखरेचा रंग पुन्हा तपासा.

हवेतल्या आर्द्रतेचं मीटर लावलेलं असेल तर ते रोज वाचा. हवा साधारण ६०-६५ टक्क्यांच्या आत असेल तर साखर खुशाल राहते. जुलैत महाड, चिपळूण किंवा कोल्हापूरकडे बाहेरची हवा दिवसचे दिवस त्याच्या खूप वर असते, तेव्हा गोदामाचं शटर ‘हवा खेळू दे’ म्हणून उघडं ठेवणं हा उलटा उपाय आहे. मसाले, फ्लेवर, फिनेल यांच्याजवळ साखर ठेवू नका. बारदान वास धरतं.

३. पोतं उघडणं आणि चाळणी

कारखान्यात बाहेरची वस्तू मालात शिरायची सगळ्यात हमखास जागा ही. साखर उत्पादनाचा ठरावीक हिस्सा तागाच्या पोत्यात भरणं १९८७ च्या ताग कायद्यानुसार बंधनकारक आहे, त्यामुळे प्लास्टिकच्या पोत्यांबरोबर बारदानही तुमच्याकडे येत राहणार. तंतूंचा त्रास गृहीतच धरा.

पोतं डंपिंगच्या खोलीत नेण्याआधी बाहेर ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ करायचं. मग शिलाई. पोत्याच्या तोंडाची शिलाई साखळीची असते. बरोबर टोक सापडलं तर एका ओढीत सगळा दोरा सुटून हातात येतो. चुकीच्या टोकाने ओढलं तर गाठ बसते, माणूस वैतागतो आणि चाकू काढतो. चाकूने कापलं की दोऱ्याचे तुकडे होतात आणि एखादा हॉपरमध्ये, म्हणजे साखर ओतायच्या मोठ्या नरसाळ्यात, पडतो. टोक कुठलं ते जुन्या कामगाराकडून पहिल्याच दिवशी शिकून घ्या. पोत्याची कुठली बाजू तोंडासमोर धरायची हे तो दोन मिनिटांत दाखवेल. सुटलेला प्रत्येक दोरा एका डब्यात टाकायचा आणि बॅच संपली की मोजायचा. १३ पोती, १३ दोरे. बारा निघाले तर तेरावा सापडेपर्यंत बॅच पुढे सोडायची नाही.

हॉपरवर चाळणी आणि मॅग्नेट असतात. चाळणीवर जे राहतं ते फेकून देण्याआधी बघा: सुतळी, तागाचे तंतू, प्लास्टिकचा कपटा, साखरेचे गड्डे. गड्डे हाताने रगडून जाळीतून ढकलायचे नाहीत. त्या गड्ड्याच्या पोटात काय आहे ते तुम्हाला दिसत नसतं. मॅग्नेट पुसताना पांढरं कापड वापरा. बहुतेक वेळा बारीक काळी पूड मिळते, ती पाइपांतल्या गंजाची असते. चकचकीत, धारदार तुकडा मिळाला तर मात्र तो कुठल्यातरी यंत्राचा आहे, तेव्हा काम थांबवून सुपरवायझरला बोलवा. आणि चाळणीची जाळी शिफ्टच्या सुरुवातीला व शेवटी, दोन्ही वेळा उजेडाकडे धरून बघा. तुटलेली तार कुठे गेली याचं उत्तर मालातच असतं.

४. धूळ

या भागावर घाई करू नका.

साखर जळते हे सगळ्यांना माहीत असतं. साखरेच्या धुळीचा स्फोट होतो हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथे इम्पीरियल शुगरच्या रिफायनरीत असा स्फोट झाला, त्यात १४ कामगार गेले. तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी केली. सायलोंच्या, म्हणजे साखर साठवायच्या उंच कोठ्यांच्या, खालून साखर नेणारा पट्टा आदल्या वर्षी पत्र्याने बंदिस्त केला होता. साखरेत काही पडू नये, हा चांगला हेतू. पण आतली धूळ ओढून घ्यायची सोय केली नाही. धूळ आत तरंगत राहिली आणि बहुधा एका तापलेल्या बेअरिंगने ती पेटवली. पहिला स्फोट त्या पट्ट्यात झाला. खरा संहार केला तो पुढच्या स्फोटांनी: पहिल्या धक्क्याने इमारतभर जमिनीवर, तुळयांवर, यंत्रांच्या माथ्यावर साचलेली साखर उडाली आणि तीच पेटत गेली.

तुमच्या कामासाठी यातून निघणाऱ्या गोष्टी अगदी साध्या आहेत. हॉपरभोवती, पिठीसाखर दळणाऱ्या पल्व्हरायझरभोवती आणि वरच्या केबल ट्रेवर धूळ साचू द्यायची नाही. वर म्हणजे डोळ्यांच्या उंचीच्या वर, जिथे झाडू पोचत नाही तिथे. बोटाने रेघ ओढून खालचा रंग उघडा पडत असेल, तर सफाईची वेळ टळून गेली आहे. एअर गनने फुंकून साफ करायचं नाही. फुंकलेली धूळ हवेत तरंगते, आणि स्फोटाला नेमकं तेच लागतं. धुळीसाठी बनवलेला व्हॅक्यूमच वापरा. अर्थिंगची तार सुटलेली दिसली तर यंत्र चालू करू नका. बेअरिंग गरम लागत असेल, आवाज करत असेल, तर मेंटेनन्सला आत्ता फोन, शिफ्ट संपल्यावर नव्हे. वेल्डिंग परवान्याशिवाय नाही.

पिठीसाखर दळणारा विभाग सगळ्यात संशयास्पद समजा. दाणेदार साखर तेवढी घातक नसते, पण ती हवेच्या पाइपमधून जोरात ओढली की वळणांवर दाणे फुटतात आणि धूळ तयार होते. दळण्याआधीचा मॅग्नेट तपासणं इथे दुप्पट महत्त्वाचं, कारण लोखंडाचा तुकडा आत गेला तर ठिणगी पडते.

या विभागात पाणीही आणायचं नाही. कोरडा विभाग कोरडाच पुसायचा. ओला पोछा फिरवला की जमिनीवर पातळ गोड थर उरतो, दुसऱ्या दिवशी त्यावर धूळ चिकटते आणि तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागते.

५. सिरप करणं

आता साखर आणि पाणी यांना एकत्र आणायचं, पण आपल्या हिशोबाने.

ब्रिक्स म्हणजे वजनाने शंभर भागांत साखरेचे भाग किती. लिटरचा इथे संबंध नाही, आणि नवे लोक इथेच घसरतात. १,००० किलो ६५ ब्रिक्स सिरप हवं असेल तर ६५० किलो साखर, म्हणजे ५० किलोची १३ पोती, आणि ३५० किलो पाणी. तयार झालेलं सिरप टाकीत साधारण ७६० लिटर भरतं, हजार लिटर नाही. लेव्हल काचेवर हजार दिसेपर्यंत पाणी सोडणारा माणूस प्रत्येक कारखान्यात एकदा तरी सापडतो.

६५ च का? २० अंशांना पाण्यात साखर फार तर ६७ टक्क्यांच्या आसपास विरघळून राहते. त्याहून घट्ट केलं तर गरम असताना छान दिसतं, थंड झालं की तळाशी खडे बसतात आणि पंपाची जाळी तुंबते. डिसेंबरात नाशिककडे रात्री पारा दहा अंशांच्या खाली गेला की ६७ ब्रिक्सच्या टाकीत हे हमखास होतं. खूप पातळ ठेवलं तर यीस्टची चैन. ६५ हा मधला सोयीचा मुक्काम.

क्रम असा: मोजलेलं पाणी आधी, आंदोलक म्हणजे अ‍ॅजिटेटर चालू, पाणी गरम, मग साखर सावकाश. आधी साखर टाकून वर पाणी सोडलंत तर तळाला ढेकूळ बसतं आणि अ‍ॅजिटेटरचा शाफ्ट वाकतो. तापमान ८०-८५ अंश, आणि साखर संपूर्ण विरघळल्यावर तुमच्या प्रक्रियेत सांगितलेला वेळ तिथे धरून ठेवायचा.

टाकीला जॅकेट, म्हणजे वाफ खेळवायचं बाहेरचं कवच, असेल तर ठीक. काही जुन्या ठिकाणी वाफ थेट सिरपमध्ये सोडतात. तिथे वाफेचं पाणी होतं आणि ते मालातच राहतं. वरच्या बॅचला साध्या पाण्यापासून ८० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ६० किलो वाफ लागते. म्हणजे ३५० किलो पाणी आधीच घातलं असेल तर शेवटी ६५ ऐवजी साधारण ६१ ब्रिक्स मिळतील. ते ६० किलो सुरुवातीच्या पाण्यातून वजा करा.

ब्रिक्स बघताना रिफ्रॅक्टोमीटर आधी शुद्ध पाण्याने शून्यावर आहे का ते बघा. नमुना थंड करून घ्या, झाकलेल्या बाटलीत. उघड्या चमच्यात पाणी उडून जातं आणि आकडा खोटा वाढतो. मीटरला तापमानाची दुरुस्ती स्वतःची स्वतः करायची सोय नसेल तर ४० अंशांचा नमुना खऱ्यापेक्षा दीड-एक ब्रिक्सने कमी दाखवतो, आणि माणूस विनाकारण साखर वाढवतो.

रंग आणि वास काढायचा असेल तर गरम सिरपमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घालून फिल्टर प्रेसमधून गाळतात. सुरुवातीचं सिरप काळपट येतं, ते स्वच्छ होईपर्यंत परत टाकीतच फिरवा. नमुना पारदर्शक ग्लासात घेऊन दिव्यासमोर धरा. एखादा काळा कण दिसला तरी अजून फिरवा.

गरम सिरप अंगावर उडालं तर पाण्यापेक्षा वाईट भाजतं, कारण ते ओघळत नाही, चिकटून राहतं. फेस शील्ड, लांब हातमोजे, पँट बुटाच्या बाहेर. भाजलंच तर ताबडतोब नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली, वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद काही नाही.

६. टाकीत साठवताना

पाक घट्ट आहे म्हणजे सुरक्षित आहे, हे अर्धसत्य. गरम सिरप टाकीत भरलं की वाफ छताला लागते, थंड होते, आणि थेंब खाली पडतात. सिरपच्या पृष्ठभागावर मग एक पातळ थर तयार होतो. खालचं सगळं ६५ ब्रिक्स असताना वरचा बोटभर थर कितीतरी पातळ असू शकतो, आणि घट्ट पाकातही तग धरणारी झायगोसॅकरोमायसिससारखी यीस्ट तिथे आरामात वाढायला लागते. म्हणून सिरप थंड करूनच साठवणीत घ्यायचं, टाकीच्या श्वासनळीला हवेचा फिल्टर, शक्य असेल तिथे वरच्या मोकळ्या जागेत यूव्ही दिवा. नमुना फक्त खालच्या कॉकमधून घेतलात तर वरचा थर तुम्हाला कधीच कळणार नाही.

बारीक बुडबुडे, दारूसारखा वास, ढवळताना टिकणारा फेस: यातलं काहीही दिसलं तर क्यूसीला (गुणवत्ता तपासणी विभागाला) बोलवा आणि टाकी बंद करा. आणि वाकून आत डोकं घालू नका. आंबलेल्या टाकीत कार्बन डायऑक्साइड साचतो. आत उतरायचं असेल तर हवा तपासून, परवाना घेऊन, बाहेर माणूस उभा करूनच. साखरेच्या सायलोलाही हाच नियम, तिथे वरून कमान धरलेली साखर अंगावर कोसळते.

७. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट, सॉर्बिटॉल

लिक्विड ग्लुकोज बहुधा मक्याच्या स्टार्चपासून करतात. थंडीत ते पिंपातून हलत नाही. पिंप ५०-६० अंशांच्या खोलीत आदल्या दिवशी ठेवा. घाईने जास्त तापवलं की पिवळं पडतं. याला लोब किंवा गिअर पंप लागतो, आणि असा पंप चालू असताना पुढचा व्हॉल्व्ह बंद करायचा नाही. पाइप फुटतो.

इन्व्हर्ट सिरपमध्ये साखर थोड्या आम्लाने तोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतात, मग सोड्याने आम्ल मारतात. तोडताना पाण्याचा एक रेणू जोडला जातो, म्हणून १०० किलो साखर पूर्ण तुटली तर घन पदार्थ १०५ किलोच्या आसपास होतो. स्टॉकचा हिशोब जास्त आला म्हणून घाबरू नका. बिस्किटाला रंग येतो तो बराचसा यामुळे, त्यामुळे सोडा कमी-जास्त झाला की थेट ओव्हनवाल्याची तक्रार येते. सॉर्बिटॉल या साखरेऐवजी वापरायच्या गोड पदार्थाचं ७० टक्के द्रावण थंडीत स्फटिक धरू शकतं, एवढं लक्षात ठेवा.

८. तीव्र गोडीचे पदार्थ

सुक्रॅलोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड, अ‍ॅस्पार्टेम आणि एसेसल्फेम-के सुमारे २०० पट. हजार लिटर पेयात १०० किलो साखर लागत असेल तर केवळ गोडीच्या हिशोबाने सुक्रॅलोज १६७ ग्रॅमच्या आसपास पुरतं. म्हणजे १० ग्रॅमची चूक ही ६ किलो साखरेची चूक. पोत्यांच्या काट्यावर हे मोजायचं नाही. वेगळी खोली, बारीक काटा, मोजणारा एक आणि तपासणारा दुसरा, दोघांच्या सह्या. आधी थोड्या पाण्यात विरघळवा, मग टाकीत. ड्राय मिक्स असेल तर थोड्या साखरेत मिसळा, ते दुप्पट साखरेत, असं वाढवत न्या.

अ‍ॅस्पार्टेमला उष्णता सोसत नाही, गोडी जाते. त्यात फेनिलअ‍ॅलानिन असतं, आणि फेनिलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना ते चालत नाही. म्हणून लेबलवर तशी सूचना लागते, आणि साध्या मालात त्याचा अंशही जाता कामा नये. डबे, चमचे, हातमोजे वेगळ्या रंगाचे ठेवा. काम करताना ओठ गोड लागले तर मास्क नीट बसलेला नाही.

९. सफाई आणि सांडलवंड

सिरपच्या लाइनमधून आधी गरम पाणी फिरवा. निघणारं गोड पाणी पुढच्या बॅचला वापरता येतं, पण गरम ठेवून आणि त्याच शिफ्टमध्ये. दुसऱ्या दिवसासाठी बादलीत झाकून ठेवलेलं गोड पाणी थेट गटारात. नंतर कॉस्टिक सोड्याचं पाणी, मग स्वच्छ पाणी. कॉस्टिक तपकिरी होऊन परत येत असेल तर आधीचं धुणं अपुरं पडलं आहे.

कोरडी साखर सांडली तर फावड्याने उचला, होजने ढकलू नका. एक किलो साखर पूर्ण कुजायला सुमारे १.१ किलो ऑक्सिजन खाते. एक पोतं नाल्यात गेलं म्हणजे ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर, ५६ किलोचा बोजा एका झटक्यात पडला, आणि तिथले जिवाणू तो पेलू शकले नाहीत तर पुढचे काही दिवस बाहेर जाणारं पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मर्यादेत बसत नाही. सिरपची गळती झालीच तर नाल्याची झडप आधी लावा आणि लगेच ईटीपीला फोन करा: किती किलो, किती ब्रिक्स, कुठल्या नाल्यात, किती वाजता. एवढं कळलं की तो माणूस पाणी होल्डिंग टाकीत वळवून थोडं थोडं सोडू शकतो.